नुसता व्हॉल्व्ह उशिरा बंद करून ॲव्हरेज वाढत नाही

तुझा प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या रामबागेतल्या घरी बाबांची जुनी कार्ब्युरेटरवाली पेट्रोल गाडी उभी आहे, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करायचाय, आणि तू वाचलंस की हायब्रिड गाड्यांची इंजिनं ॲटकिन्सन सायकलवर चालतात, त्यांचा इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणारी झडप, उशिरा बंद होतो. मग टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवणारा दातेरी पट्टा) एक-दोन दाते मागे बसवला तर आपली गाडीही ॲटकिन्सन होईल का, आणि काका, ॲव्हरेज किती वाढेल?

उत्तर आधी सांगतो. होणार नाही. ॲव्हरेज बहुधा घटेल, पिकअप नक्की जाईल, आणि दोन दाते मागे गेलास तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकू शकतील. पण तुझ्या प्रश्नामागची कल्पना खरी आहे. पोलोग्राउंडच्या आमच्या वर्कशॉपात तीस वर्षं मी हेड उघडतोय, आणि इतक्या वर्षांत मला इंजिनातली याहून सुंदर कल्पना सापडलेली नाही. म्हणून नीट सांगतो.

इंजिनाची धडधड कुठून येते ते आधी बघ. सायलेन्सर काढलेली गाडी कानठळ्या बसवते, कारण पॉवर स्ट्रोक (जळलेला वायू पिस्टनला खाली ढकलतो तो) संपत आला आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला, त्या क्षणी सिलिंडरमध्ये अजून बराच दाब शिल्लक असतो. पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर, तो तीन ते पाच बार असतो. हा दाब पिस्टनला आणखी ढकलू शकला असता, पण पिस्टन खालच्या टोकाला पोचलेला असतो, त्याला पुढे जागाच नसते. मग तो दाब भसकन बाहेर जातो. आपण पैसे मोजून घेतलेलं पेट्रोल त्या आवाजात निघून जातं.

जेम्स ॲटकिन्सन या इंग्रज माणसाच्या डोक्यात १८८० च्या दशकात हेच घोळत होतं. निकोलस ऑटो या जर्मन माणसाने १८७६ मध्ये चार स्ट्रोकचं (सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर, एक्झॉस्ट) इंजिन चालवून दाखवलं होतं, पण त्यात चारही स्ट्रोक सारख्याच लांबीचे, म्हणजे जेवढी हवा आत घ्यायची तेवढंच तिला फुगू द्यायचं. ॲटकिन्सनने क्रँक आणि पिस्टनच्या मध्ये दांड्यांची अशी जोडणी बसवली की क्रँकच्या एकाच फेऱ्यात चारही स्ट्रोक व्हायचे आणि पॉवर स्ट्रोक सक्शनपेक्षा लांब पडायचा. थोडं आत घ्या, जास्त फुगू द्या. ऑटोचं पेटंट चुकवणं हाही एक हेतू होता. गंमत अशी की, ते जर्मन पेटंट १८८६ मध्ये रद्दच झालं, कारण बो द रोशा या फ्रेंच माणसाने चार स्ट्रोकचं तत्त्व १८६२ मध्येच लिहून ठेवलेलं निघालं. ॲटकिन्सनच्या जोडणीत सांधे फार होते, वेग वाढवणं अवघड होतं, आणि साध्या क्रँकपुढे ती टिकली नाही. मात्र ती मेलेली नाही. होंडाने घरगुती वीज आणि गरम पाण्याच्या संचासाठी २०११ च्या सुमारास खरोखर अशी जोडणी असलेलं छोटं इंजिन बनवलं. ते ११० सीसी हवा आत घेतं आणि १६३ सीसीपर्यंत फुगू देतं.

मोटारीत आज ज्याला ॲटकिन्सन म्हणतात, त्यात हे दांडे नाहीत. क्रँक साधा, स्ट्रोक सारखेच. फक्त पिस्टन खालून वर निघाला तरी इनटेक व्हॉल्व्ह उघडा ठेवतात. आत आलेल्या हवेतली काही परत मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आणणाऱ्या नळीत, ढकलली जाते आणि मग व्हॉल्व्ह बंद होतो. कॉम्प्रेशन तिथून सुरू होतं. म्हणजे कॉम्प्रेशनचा स्ट्रोक आखूड झाला, पॉवरचा पूर्ण राहिला. इथपर्यंत तुला माहीत आहे. तुझी गल्लत याच्या पुढच्या पायरीला झाली आहे, म्हणून आता आकडे घेऊ.

कॉनरॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) स्ट्रोकच्या साधारण १.७ पट लांब धर. व्हॉल्व्ह खालच्या टोकानंतर ४५ अंशांनी बंद झाला, जे साध्या इंजिनात नेहमीचं आहे, तर स्ट्रोकचा ८९ टक्के भाग कॉम्प्रेशनला उरतो. ६० अंशांना ८१, ७५ ला ७०, आणि ९० अंशांना फक्त ५८ टक्के. आता ज्याचं कॉम्प्रेशन १३ ला १ आहे, म्हणजे हवा तेराव्या हिश्श्यात दाबली जाते, असं इंजिन घे. टोयोटाच्या १९९७ च्या पहिल्या प्रियस या हायब्रिड गाडीच्या वंशातल्या इंजिनांचं हेच गणित आहे. व्हॉल्व्ह ९० अंशांना बंद केला तर खरं कॉम्प्रेशन होतं ७.९. आणि प्रसरण, म्हणजे जळलेल्या वायूचं फुगणं? पूर्ण १३. साधं पेट्रोल १३ च्या कॉम्प्रेशनला कडकड नॉक मारेल, म्हणजे आपोआप अवेळी पेटून ठोके देईल, पण ७.९ ला निवांत जळतं. आणि जळल्यावर मिळणारा दाब १३ पटीपर्यंत काम करतो.

आता तुमच्या गाडीचं बघ. जुनं इंजिन, कॉम्प्रेशन ९ ला १. त्यातला व्हॉल्व्ह ९० अंशांना बंद केलास तर खरं कॉम्प्रेशन होईल ५.६. आणि प्रसरण? तेच ९, जे आधीही होतं. एक पैशाचं जास्त काम त्या दाबाकडून तू काढलं नाहीस, फक्त हवा कमी घेतलीस.

म्हणून मी शिकणाऱ्या पोरांना सांगतो की, लांब प्रसरण हे औषध आहे आणि उशिरा बंद होणारा व्हॉल्व्ह हे त्याचं पथ्य. नुसतं पथ्य पाळून ताप उतरत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याकडे अशीच एक कार्ब्युरेटरवाली गाडी आली होती. दुसऱ्या एका ठिकाणी बेल्ट बदलला होता, तेव्हापासून गाडी खेचत नव्हती. मालक रोज पीथमपूरला जायचे, त्यांचं म्हणणं होतं की राऊच्या पुढे चढावर चौथा गिअर घ्यायचं नावच नाही. कॉम्प्रेशन गेज लावलं तर चारही सिलिंडरला चौरस इंचामागे १७० पौंडांच्या जागी १४५ च्या आसपास. चारही सारखे, म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह गेलेले नाहीत. व्हॅक्यूम गेजचा काटा स्थिर, पण खाली. झाकण काढलं तर बेल्ट एक दाता मागे. त्या गाडीत कॅमच्या पुलीला ४० दाते होते. एक दाता म्हणजे कॅमचे ९ अंश, म्हणजेच क्रँकचे १८. पन्नाशीच्या आसपास बंद होणारा व्हॉल्व्ह अडुसष्टला बंद होत होता. तू जो प्रयोग करायला निघाला आहेस तोच कोणीतरी चुकून करून ठेवला होता, आणि मालकाची तक्रार ॲव्हरेज घटल्याचीही होती.

त्यात आणखी एक फास होता, तो तुझ्याही गाडीत असेल. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणारा भाग, कॅमवरूनच फिरतो. कॅम १८ अंश मागे गेला की ठिणगीही १८ अंश मागे जाते. उशिरा पेटलेलं मिश्रण एक्झॉस्ट उघडेपर्यंत जळत राहतं, एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड तापतो, इंजिन गरम होतं. आणि एकाच कॅमवर दोन्ही व्हॉल्व्ह असल्यामुळे एक्झॉस्टही उशिरा बंद होतो, जळलेला धूर परत आत ओढला जातो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर तुझे सर मला धरतील. हलक्या भाराला कॅम मागे नेऊन थोडा फायदा मिळतो. कारखान्यातले लोक हे करतातसुद्धा. पण तिथे कॉम्प्युटर ठिणगी पुढे आणून ठेवतो आणि पाय दाबला की क्षणात कॅम जागेवर आणतो. बेल्टचा दाता मागे बसवला की तो चोवीस तास मागेच.

तो फायदा कशाचा, ते समजून घे, कारण शहरात चालणाऱ्या गाडीच्या नुकसानातला मोठा वाटा तिथेच आहे. रंगपंचमीच्या गेरमध्ये (मिरवणुकीत) पिचकारी भरताना तोंडावर बोट ठेवून दांडा ओढून बघ, हात भरून येतो. पेट्रोल इंजिन पलासियाच्या ट्रॅफिकमध्ये दिवसभर हेच करत असतं. थ्रॉटल, म्हणजे हवेच्या वाटेवरची झडप, जवळजवळ बंद, आणि पिस्टन त्या बंद तोंडातून हवा ओढतोय. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, म्हणून बाहेरचा दाब साधारण ०.९५ बार. मॅनिफोल्डमध्ये हलक्या भाराला ०.४ असतो. म्हणजे प्रत्येक सक्शनला अर्ध्या बारहून जास्त दाबाविरुद्ध ओढायचं. त्या वेळी चाकांकडे जाणारा सरासरी उपयोगी दाब २ बार असेल. त्याच्या पाव हिश्श्याइतका दाब नुसता श्वास घेण्यात जातो. थ्रॉटल उघडा ठेवून व्हॉल्व्हच्या वेळेवर हवा मोजली तर हे बोट तोंडावरून निघतं. बीएमडब्ल्यूने २००१ मध्ये व्हॉल्व्हट्रॉनिक आणलं, त्यात व्हॉल्व्ह किती उचलायचा हेच बदलतं आणि थ्रॉटलचं काम जवळपास उरत नाही. बाकी व्हीव्हीटीच्या (व्हॉल्व्हची वेळ बदलण्याच्या तंत्राच्या) नावांच्या जंगलात फार शिरू नकोस. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तेलाच्या दाबावर फिरणारी एक पुली असते, ती कॅमला पुढे-मागे करते, बस.

आता हायब्रिडचं. तुझ्या बाबांनीही विचारलंय की ती घ्यावी का. ॲटकिन्सनची किंमत ताकदीत मोजावी लागते. हवा कमी घेतली की ताकद कमी. पहिल्या प्रियसचं दीड लिटरचं इंजिन ४३ किलोवॉट द्यायचं. त्याच घराण्याचं साधं दीड लिटरचं इंजिन ८० च्या आसपास देतं. (प्रियसचं इंजिन ४००० आरपीएमच्या वर जाऊच देत नव्हते, हेही त्यात आलं.) खालच्या वेगाला तर ते फारच नरम. सिग्नल सुटल्यावर अशी गाडी रेंगाळली असती. तो खड्डा इलेक्ट्रिक मोटर भरून काढते.

पण मोटरचं याहून मोठं काम वेगळं आहे. लांब प्रसरणाला भार लागतो. सिलिंडरमध्ये जळलेल्या वायूचा दाब मुळातच कमी असेल, तर तो लांब स्ट्रोकच्या शेवटी बाहेरच्या हवेच्याही खाली जातो, आणि मग पिस्टनला ढकलण्याऐवजी मागे ओढतो. म्हणजे ॲटकिन्सन इंजिन हलक्या भाराला रेंगाळत ठेवणं हा तोटा. हायब्रिडमध्ये इंजिन एकतर चांगल्या भाराला, कमी वेगात चालतं आणि जास्तीची वीज बॅटरीत टाकतं, नाहीतर बंद होतं. म्हणून टोयोटाचं २.५ लिटरचं इंजिन ४१ टक्के औष्णिक कार्यक्षमतेपर्यंत पोचलं. ते वजनात मांडलं तर एका किलोवॉट-तासाला साधारण २०५ ग्रॅम पेट्रोल. साधी गाडी शहरात याच्या दीडपट ते दुप्पट खाते. ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडचा प्रमाणित आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. तो चाचणीचा आकडा आहे, पण त्यामागचं तत्त्व रस्त्यावरही खरं आहे.

बाबांना एवढं सांग: रोजचं जाणं-येणं राजवाडा, पलासिया, विजयनगर असं असेल तर हायब्रिडचे पैसे वसूल होतील. सेंधवा-धुळे मार्गे पुण्याला महिन्यातून दोनदा जाणं हाच मुख्य वापर असेल तर फरक कमी पडेल, कारण एकसारख्या ऐंशी-नव्वदच्या वेगाला साधं इंजिनही बऱ्यापैकी भाराला चालतं. पीथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा लंबगोल ट्रॅक आहे. तिथे एकसारख्या वेगाने घेतलेलं ॲव्हरेज आणि सराफ्याच्या गल्लीतलं ॲव्हरेज ही दोन वेगळ्या इंजिनांची वाटावीत इतकी दूर असतात.

मिलर सायकलबद्दलही तू विचारलंस. राल्फ मिलर या अमेरिकन इंजिनिअरने १९५० च्या दशकात याच युक्तीला सुपरचार्जर जोडला. व्हॉल्व्ह लवकर किंवा उशिरा बंद करून जी हवा गमावली ती बाहेरून दाबून, थंड करून परत भरायची. म्हणजे ताकद टिकते आणि प्रसरणही लांब राहतं. माझदाने १९९० च्या दशकात २.३ लिटरच्या व्ही-६ मध्ये हे आणलं. जहाजांच्या आणि वीजघरांच्या मोठ्या इंजिनांत मिलर टायमिंग आज सर्रास आहे, तिथे मुख्य हेतू ज्वलनाचं तापमान आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करणं हा असतो. तुझ्या प्रोजेक्टला त्याचा उपयोग नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागते म्हणून बोलतो. आता पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी, त्यामुळे ॲव्हरेज घटल्याची ओरड आहे आणि ती खोटी नाही. पण इथेनॉल नॉक सहन करतं. ज्या इंजिनाचं कॉम्प्रेशन या इंधनासाठी वाढवलं, प्रसरण लांब केलं, ते गमावलेल्यातलं बरंचसं परत मिळवू शकतं. ९ ला १ चं जुनं इंजिन ते घेऊच शकत नाही. त्याच्या वाट्याला फक्त तोटा येतो. तुझ्या पिढीने याच्यावर काम करावं असं मला फार वाटतं.

आता प्रोजेक्ट. बाबांची गाडी सोड. एक सिलिंडरचं छोटं जनरेटर घे, २०० सीसीच्या आतलं, वरच्या व्हॉल्व्हचं. गव्हर्नर (वेग आवरणारा भाग) त्याला ३००० आरपीएमला धरून ठेवतो, म्हणजे वेगाची चिंता नाही. भार म्हणून हॅलोजन आणि बल्ब लावता येतात. आणि बिघडलं तर घरात कोणी रागावणार नाही.

समज ते १९६ सीसी आहे, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिलिमीटर, कॉम्प्रेशन ८.५, आणि इनटेक ४५ अंशांना बंद होतो. खरं कॉम्प्रेशन ७.७. तुला व्हॉल्व्ह ७५ अंशांना बंद करायचाय आणि खरं कॉम्प्रेशन तेवढंच ठेवायचंय. गणित केलंस तर भूमितीचं, म्हणजे पूर्ण स्ट्रोक धरून मोजलेलं, कॉम्प्रेशन १०.५ करावं लागतं. ज्वलनकक्ष २६.१ सीसीवरून २०.५ वर आणायचा, म्हणजे हेड साधारण दीड मिलिमीटर कापायचं. फायदा किती? सैद्धांतिक सूत्रात सहा-सात टक्के येतात, हातात पाच आले तरी मी तुझी पाठ थोपटेन. ताकद मात्र पाचव्या हिश्श्याने जाईल, ती आधीच मान्य कर.

कॅम फिरवू नकोस, एकाच शाफ्टवर दोन्ही लोब (व्हॉल्व्ह उचलणारे उंचवटे) आहेत. इनटेकच्या लोबवर वेल्डिंगने धातू चढवून पुन्हा ग्राइंड करून घे. उघडण्याची बाजू आहे तशीच, टोकाला १५ अंशांचा सपाट भाग, आणि मग बंद होण्याची बाजू. कॅम अर्ध्या वेगाने फिरतो, म्हणून १५ म्हणजे क्रँकचे ३०. पूर्ण लोब मागे सरकवला तर व्हॉल्व्ह उघडतोही उशिरा, आणि सक्शनच्या सुरुवातीला पिस्टन पुन्हा बंद तोंडाची पिचकारी ओढतो.

कार्ब्युरेटरचा त्रास इथे सगळ्यात मोठा आहे, आणि बहुतेक मुलांचे प्रयोग याच्यावरच फसतात. चार सिलिंडरच्या गाडीत एकाने परत ढकललेलं मिश्रण शेजारचा ओढून घेतो. एका सिलिंडरला शेजारी नाही. ते मिश्रण उलटं कार्ब्युरेटरमधून बाहेर जातं, पुढच्या सक्शनला पुन्हा त्यातून आत येतं, आणि दोन्ही वेळा जेटमधून (पेट्रोलच्या बारीक छिद्रातून) पेट्रोल उचलतं. एकाच हवेला तीनदा पेट्रोल. धूर काळा, प्लग काळा, आणि निष्कर्ष काय, तर ॲटकिन्सन जास्त खातं! तुझ्या इंजिनात साधारण ६० सीसी परत येणार. कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामध्ये तेवढं मावेल अशी नळी घाल. आतला व्यास २२ मिलिमीटर असेल तर निदान १६ सेंटिमीटर लांब. त्यानंतर जेट पुन्हा जुळव, प्लगचा रंग बघून.

मोजताना घाई करू नकोस. ब्युरेटमधून पेट्रोल दे आणि ५० मिली संपायला लागणारा वेळ घे. एक किलोवॉटच्या भाराला ते साधारण चार-पाच मिनिटं पुरतं, म्हणजे पाच टक्के फरक हा बारा-पंधरा सेकंदांचा खेळ आहे. इंजिन वीस मिनिटं गरम झाल्याशिवाय घड्याळ दाबू नकोस, प्रत्येक भार पाच वेळा घे, आणि सगळं आधी जुन्या हेड-कॅमवर मोजून ठेव. पेट्रोल दोन्ही वेळा एकाच कॅनमधलं असू दे. ५००, १०००, १५०० वॉट, तिन्ही भारांना बघ. माझा अंदाज आहे की बदललेलं इंजिन १५०० ला धापा टाकेल आणि १००० ला सगळ्यात चांगला फरक दाखवेल.

हेड कापायच्या आधी पिस्टनवर मुलांची खेळायची माती ठेव, जुनी गॅसकेट लावून हेड कस, टॅपेट नेमके लाव आणि हाताने क्रँक दोन फेरे फिरव. मग हेड काढून मातीवर जिथे व्हॉल्व्हचे ठसे पडले असतील तिथे ब्लेडने कापून जाडी मोज. त्यातून दीड मिलिमीटर वजा केल्यावर इनटेकला निदान दोन आणि एक्झॉस्टला अडीच मिलिमीटर उरायला हवेत. उरत नसतील तर आधी पिस्टनवर व्हॉल्व्हसाठी खाचा पाडाव्या लागतील, आणि त्या खाचांची जागा ज्वलनकक्षाच्या हिशेबात पुन्हा धरावी लागेल. हेड खाली आल्यावर पुशरॉडही तेवढेच लांब पडतात, रॉकरचा कोन बिघडतो, तेव्हा तेही आखूड करून घे. डिग्री प्लेट आणि डायल गेज माझ्याकडून घेऊन जा, रविवारी सकाळी मी वर्कशॉपात असतो.